भिरंडेलाऐवजी खोबरेल

बाबा, मी घाबरले आहे, आणि हे सांगायला मला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो आधी रिव्हॉल्व्हर परत करायला लावेल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही काही म्हणणार नाही.

इथे डचांच्या देशात, झूटरमेरला आल्यावर मी नेमबाजीच्या क्लबात जायला लागले, हे तुम्ही बघितलं नाहीत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई करणार काय? आधी सायकल शिकले, मग हे. रीतसर परवाना काढून मी काडतुसं घरी भरते, शिशाच्या गोळ्याही घरीच ओतते. शिसं नळीला चिकटू नये म्हणून गोळीला वंगण लागतं. क्लबातले डच लोक ते तयार आणतात. माझ्या डब्यात मात्र तुमचंच मिश्रण असतं, मधाच्या पोळ्याचं मेण आणि भिरंडेल. कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल आई आमच्या टाचांच्या भेगांना चोळायची, आणि तुम्ही त्यातलं अर्धं पळवून ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्यांना लावायचात.

चुलीपाशी तुम्ही उकिडवे बसला आहात. आई म्हणते, "माज्या टोपात मेण घालू नकात, सांगून ठेवतंय!" तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता. मग सुपारीएवढा गोळा वळून खळ्यात भर उन्हात ठेवता आणि मला राखणीला बसवता. त्याला घाम सुटला की आणखी मेण घालायचं. "वंगण पातळ झाला तर दारू भिजता," तुम्ही म्हणता, "नि भिजलेली दारू दगो देता."

साथ आली, विमानं बंद झाली आणि गावाहून यायचं भिरंडेल अडकलं. मी हेगच्या भारतीय दुकानातून खोबरेल आणलं. आमच्या शेडमधल्या थंडीत ते बरणीत दगडासारखं पांढरंशुभ्र बसलं होतं. खोबरेल असं गोठलेलं तुम्ही कधी पाहिलं नसेल. एवढं घट्ट आहे म्हटल्यावर मी मेण हात राखूनच घातलं. उन्हात ठेवायची तुमची परीक्षाही केली, खिडकीत, इथल्या मार्च महिन्यात! गोळा ढिम्म हलला नाही. मी खूश. काडतुसं भरून माळ्यावरच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केली. उन्हाळ्यात छपराखाली उभं राहवेना इतकं तापलं, तेव्हा क्लब पुन्हा उघडला होता, पण आजाराच्या धास्तीने मी घराबाहेर पडत नव्हते. कपाट उघडून पाहावं असं एकदाही मनात आलं नाही.

लेक मास्ट्रिख्टला शिकते. कॉलेज ऑनलाइन झालं म्हणून ती घरी आली होती. तीही क्लबची सभासद आहे. थंडी पडायला लागल्यावर तिनेच मला ओढून नेलं. माझं रिव्हॉल्व्हर आणि मी भरलेली काडतुसं घेऊन ती पुढे उभी आहे, हात ताणून. मी मागे, तोंडावर मास्क. दोघींच्या कानांवर जाडजूड हेडफोनसारखी कवचं. पहिले बार ठणठणीत होतात. पुढचा नुसताच फुस्स करतो आणि समोरच्या कागदाला भोक पडत नाही. गोळी नळीतच अडकली आहे आणि तिचं बोट अजून चापावर आहे. आणखी एकदा दाबलं तर नळी तिच्या हातात फुटेल. हे सगळं मला तिथल्या तिथे कळतं.

लहानपणी एकदा तुमचा बार उडाला नव्हता, आठवतं? मी बघायला म्हणून बंदुकीच्या तोंडापुढे निघाले होते. मी मागे व्हावं म्हणून "फाटी सर!" असे ओरडलात की बांधावरची माणसं वळून बघायला लागली. चारचौघांत ओरडलात म्हणून मी तुमच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. किती रागावले होते मी तुमच्यावर!

लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बोट काढलं आणि रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. तिथल्या देखरेखीच्या म्हाताऱ्याने गज घालून शिसं बाहेर ठोकलं. उरलेली काडतुसं उघडली, तर आतली दारू तेलाने लडबडलेली.  

गाडीत ती म्हणाली, "आई, थँक गॉड यू शाउटेड. नाहीतर आय वुड हॅव फायर्ड."

मी ओरडले नव्हते, बाबा. माझं तोंड मास्कच्या आत मिटलेलं होतं. कानांवरच्या कवचांतून हाक पुसटच येते, म्हणून तिला तसं वाटलं असेल; तिने फक्त माझे डोळे पाहिले. ती आता मैत्रिणींनाही हेच सांगते, आणि मी गप्प बसते. पुढच्या वेळी तिने मागे वळून पाहिलं नाही तर?

शनिवारी पुन्हा क्लबात जाऊ, असं ती म्हणते. मी हो म्हटलं आहे. नवं वंगण केलंय, भरपूर मेण घालून, आणि त्याचा गोळा रात्रभर हीटरवर ठेवून पाहिला. त्याची मला भीती नाही. काल घरात कुणी नव्हतं, तेव्हा शेडमध्ये जाऊन "थांब!" असं ओरडून बघायचं ठरवलं. दार लावून घेतलं. मग शेजारणीला ऐकू जाईल म्हणून हळूच म्हटलं.