सर्व्हर सावकाश बंद करण्याची माझी योजना

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१५
सर्वांची विचारपूस केली. सर्व्हर ठणठणीत. यूपीएस कुरकुरतो, पण त्याचंही वय झालं. राउटर डोळे मिचकावतोय, म्हणजे खुशाल. माझी कंबर जेमतेम.
गेल्या आठवड्यात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, डेटाबेस बिघडला. दवाखान्याच्या अठरा हजार पेशंटांची कार्डं त्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, पुन्हा असं झालं तर सर्व्हररूमची किल्ली बाहेरच्या कंपनीकडे. मी मूळचा कंपाउंडर, कॉम्प्युटर स्वतःच शिकलो. आता सर्व्हर आपोआप नीट बंद करणारी स्क्रिप्टही स्वतःच लिहिणार. दोन दिवस पुरेत.

५ मार्च
झाली! बावीस ओळी. लाइट गेली की सगळ्यांना निरोप: ‘कृपया काम आटोपून डेटाबेसमधून बाहेर पडा.’ शेवटचा माणूस बाहेर पडला की डेटाबेस बंद, मग मशीन बंद. ओढाताण नाही.
बायकोने विचारलं, कुणी बाहेर पडलंच नाही तर? म्हटलं, माणसं सभ्य आहेत.

७ मार्च. दुपारी
चाचणी. यूपीएसचा प्लग काढला. रिसेप्शनवाली स्क्रीन उघडी टाकून चहाला गेली. स्क्रिप्ट वाट बघत बसली. मी जिना चढून विनवण्या केल्या. ती म्हणाली, काका, बंद व्हायचंय ना, मग होऊ द्या की! एक मिनिट बॅटरी उरली असताना प्लग परत लावला.
निष्कर्ष: स्क्रिप्ट बरोबर, माणसं चूक.
सिस्टर म्हणाल्या, दोन मिनिटं थांबा आणि सरळ हाकला. बाळाच्या लशीची नोंद अर्धवट असताना? माझ्याच्याने नाही होणार. रागीट स्क्रिप्ट लिहायची नाही, असा निश्चय.

१० मार्च
उपाय सापडला. माझ्या स्क्रीनवर एक खिडकी. डेटाबेसमध्ये किती जण उरलेत तो आकडा त्यात सतत दिसतो. आता एकेकाला जाऊन सांगता येईल. सगळ्यांकडून वचन घेतलं. रिसेप्शनवालीने तर शपथच घेतली, हसत हसत.

१२ मार्च. दुपारी ३.४०
लाइट गेली. स्क्रिप्ट सुरू. खोलीखोलीत गेलो. चार मिनिटांत सगळे बाहेर! डॉक्टरीणबाईसुद्धा उठल्या. खाली येऊन पाहिलं: बाकी १.
पुन्हा वर. सगळे हाताची घडी घालून बसलेले. सिस्टर म्हणाल्या, काका, आता आम्ही काय श्वासही घ्यायचा नाही का? पुन्हा खाली. बाकी १. पुन्हा वर. कंबर धरली. अकराव्या मिनिटाला अंधार.

१३ मार्च
लॉग, म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, वाचला. तो एक मीच होतो. आकडा बघायला खिडकी स्वतःच डेटाबेसमध्ये शिरून बसते. मी सगळ्यांना बाहेर काढत होतो आणि स्क्रिप्ट माझी वाट बघत होती.
डेटाबेस उघडत नाही. बॅकअप रविवारचा. तीन दिवसांतल्या एकशे चाळीस नोंदी गेल्या, त्यांत लशी एकतीस.
डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. किल्ली मागितली, मी दिली. मग कोऱ्या कार्डांचा गठ्ठा देऊन म्हणाल्या, काका, तुमचं अक्षर चांगलं आहे.
भाची कॉम्प्युटरच्या धंद्यातली. मेल आमच्याच सर्व्हरवरून जाते, तो आता कुलपात बंद, म्हणून तिला कार्डाच्या मागेच लिहिलं: बाळ, तू बरी आहेस ना? जावईबापू बरे? धाकटीचा खोकला गेला? बिघडलेल्या डेटाबेसमधून तीन दिवस परत मिळतात का? निदान लशींच्या नोंदी तरी? कंपनीची माणसं सोमवारी येतायत. त्याआधी, लवकर लिही.