हिरवी वायर

धुळे, १२ जानेवारी १९६८, संध्याकाळ

अक्काला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून ती गॅरेजमध्येच झोपते. तिच्यासाठी जुन्या बाजारातून आणलेला हीटर आज मीच जोडला. वायरी तीन, प्लगला पिना दोनच. हिरवी वायर दुमडून चिकटपट्टी गुंडाळली.

"हाई हिरवी कशी उरनी रे भाऊ?"

"तिची गरज नसते, अक्का."

परवाच यावलला विज्ञाननिष्ठेवर तासभर बोललो होतो!

ओल्या हाताने हीटर सरकवताना तिला शॉक बसला. वाचली. बोटं अजून बधिर आहेत. मला काहीच वाटत नाहीये, असं का? फक्त ती दुमडलेली हिरवी, अर्थिंगची वायर दिसते.

शेजाऱ्यांना ती सांगत होती, "हीटरच जुना शे, भाऊना काय दोष?"

भर सभेत मला कुणी गप्प बसवू शकत नाही. शेजाऱ्यांसमोर मात्र मी तिच्या बोलण्यावर मान डोलावली.