गॅलरीतल्या सब्जाचे शेंडे

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता म्हातारपणी मला तुझ्याकडे एक गाऱ्हाणं घालायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. मुलगा इथे परदेशात पाया लेबार भागातल्या ऑफिसातून दमून येतो, आणि सुनेला सांगावं तर गाऱ्हाणं तिच्याच वडिलांचं आहे.

मरीन परेडच्या या फ्लॅटला लहानशी गॅलरी आहे. मी इथे राहायला आलो तेव्हा सुनेनं एक रोप आणून दिलं. बेसिल म्हणतात त्याला, पास्त्यात घालतात. दिसायला तुळशीसारखं, वास थोडा बडीशेपेकडे झुकणारा. "बाबा, एवढं जगवाल का?" म्हणाली. दिवसभर रिकामा बसून जीव घाबरा व्हायचा, त्यात हे काम मिळालं. एकाच्या चार कुंड्या केल्या. कशी निगा राखली असेल ते तुला सांगायला नको. आंघोळ करून पाणी, दिवेलागणीनंतर हात लावायचा नाही, रविवारी आणि द्वादशीला पान तोडायचं नाही. आणि शेंडा तर कधीच नाही. लहानपणी मी खेळता खेळता आपल्या तुळशीचा शेंडा खुडला होता. तू भाकरी थापत होतीस, तशीच पिठाच्या हातांनी दारात आलीस. मारलं नाहीस. "तुझं डोकं कुणी असं खुडलं तर?" एवढंच म्हणालीस. मी डोकं दोन्ही हातांनी धरून कोपऱ्यात बसलोय आणि तू धाकट्याला मांडीवर घेऊन भाकरीचा पापुद्रा भरवते आहेस. तो पापुद्रा मला हवा होता.

तर झाडं उंच झाली, मंजिऱ्या आल्या. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवल्या. नातीनं एक पान चावलं आणि थुंकलं. "आजोबा, सो बिटर लाह! धिस इज नॉट तुळस." पानं बारीक आणि राठ झाली होती हे खरं. पण मला वाटलं, इथल्या हवेचा दोष असेल, पाण्याचा असेल, रात्री एसीचं यंत्र गरम वारा फेकतं त्याचा असेल. मी कुंड्या इकडून तिकडे हलवत राहिलो.

मग पुण्याहून व्याही आले. कॉलेजात शिकवायचे, आता निवृत्त. दुसऱ्याच दिवशी मी समुद्राकडे फिरून येतो तर हे गॅलरीत कात्री घेऊन उभे, आणि हातात मेथीच्या जुडीसारखे माझ्या झाडांचे शेंडे.

"अहो, हे काय केलंत?"

"व्याहीबुवा, शेंडा खुडल्याशिवाय फुटवे कसे येणार? हा सब्जा आहे हो. फालुद्यात बी घालतात ना, तोच. याला कसलं सोवळं?"

एक कुंडी वाचली होती. ती उचलून मी माझ्या खोलीत नेली. ते हसून म्हणाले, "ठेवा, ठेवा. एक तुमची."

पुढे काय झालं ते लिहायलाही नको वाटतं. तिन्ही झाडं झुडपांसारखी भरली. पानं तळहाताएवढी रुंद नसतील, पण मला तशीच दिसायची. खुडलेले शेंडे त्यांनी पाण्यात ठेवले, त्यांनाही मुळं फुटली. नात शाळेतून आली की दप्तर टाकून "नाना!" करत थेट त्यांच्याकडे. पूर्वी आधी माझ्याकडे यायची, शाळेतल्या मारामाऱ्या सांगायची. आता दोघं मिळून पानं, लसूण, काजू मिक्सरमध्ये फिरवतात आणि ती हिरवी चटणी पास्त्याला लावतात. मी सोफ्यावर बसून मिक्सरचा आवाज ऐकतो. "आजोबा, टेस्ट?" ती विचारते. मी म्हणतो, मला ॲसिडिटी आहे. मला ॲसिडिटी नाही.

काल मला तुझी ओव्याच्या पानांची भजी आठवली. म्हटलं, या पानांची करावी, पोरीला माझ्या हातचंही काही आवडू दे. बेसन भिजवलं, तिखट घातलं, आणि खोलीतल्या माझ्या कुंडीकडे गेलो. तिला नुसत्या मंजिऱ्या आणि काड्या. भजी होईल असं एक पान नाही. शेवटी गॅलरीत जाऊन व्याह्यांना म्हणालो, "थोडी पानं घेऊ का?"

"अहो, मागताय काय? घर तुमचं, झाडं तुमची." आणि मोठीमोठी पानं निवडून, धुऊन, पुसून आणून दिली. नाही म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

भजी फुलली. नात ओट्याशी उभी राहून, फुंकर मारत, कढईतून काढलं की तोंडात. "आजोबा, सो शिओक! नानांच्या पास्तापेक्षा पण!" आई, इतक्या महिन्यांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "लीव्ह्ज कुठली?"

मी म्हणालो, "माझ्या झाडाची."

व्याही तिथेच टेबलाशी बसून भजी खात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बशी पुढे केली. "अजून दोन वाढा," म्हणाले. बाकी काही नाही. मीठ कमी पडलं होतं, तेही बोलले नाहीत.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तुला सांगतो. पोर त्यांच्याकडे धावते, याचा तेवढा राग नाही मला. तो माणूस गप्प बसला ना, तसं मला बसता आलं नसतं. त्याचाच जास्त हेवा वाटतो.