आलोच, आलेच

ता. ११, मंगळवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा अधूनमधून बोलतो, पण आईइतका नाही. माझा हात अजून स्थिर आहे, चष्म्याचा नंबर तेवढा वाढला. तुझा पत्ता तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीने दिला. दिला म्हणजे आईने तिच्याकडून काढून घेतला. तिच्यावर रागावू नकोस.

दोन वर्षांनी बाबांना पत्राची हुक्की कशी आली, असं वाटेल. आधी कामाचं सांगतो. कामाचं सांगणं मला जमतं.

चष्म्याच्या काचा घासण्याचा एक कारखाना आहे, पन्नासेक माणसांचा. त्यांनी नवी इमारत बांधली आणि मालकीणबाईंना स्वच्छतागृहांच्या दारांवर 'काहीतरी वेगळं' हवं होतं. हल्ली सगळ्यांना काहीतरी वेगळं हवं असतं आणि ते सगळ्यांना सारखंच हवं असतं. मिशा आणि लिपस्टिक, नाहीतर टोपी आणि उंच टाचेची चप्पल. मी तसे नमुने काढून नेले. सफाईच्या मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. त्यांनी नमुन्यांकडे एकदा पाहिलं. "मिशा इथे एकालाच आहेत, अन् तो रजेवर आहे. बाकीच्यांनी जायचं कुठे?"

मालकीणबाई हसल्या आणि मला म्हणाल्या, "दोन दिवस इथे बसा. आमची माणसं बघा. मग सुचेल ते लिहा." चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय, पण आधी माणसं बघा असं मला कोणी सांगितलं नव्हतं. बसलो.

तिथे एक पद्धत आहे. काच घासायला लावली की मशीन सोडून जाता येत नाही, जरा दुर्लक्ष झालं की काच वाया. पण माणूस आहे, जावं तर लागतंच. मग उठताना एकच शब्द ओरडायचा. पुरुष असला तर "आलोच!", बाई असली तर "आलेच!" की शेजारचा मान वर न करता सरकतो आणि दोन्ही मशीनं सांभाळतो. कुठे, किती वेळ, असं कोणी विचारत नाही. एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांना सगळे आजोबा म्हणतात. ते गेले की अर्धा तास उगवत नाहीत, तरी त्यांचं मशीन थांबलेलं मी पाहिलं नाही. निघालेल्याने 'आलोच' म्हणायचं आणि मागे राहिलेल्याने ते खरं मानायचं, एवढ्यावर तो कारखाना चालतो.

मी म्हटलं, सापडलं! एका दारावर 'आलोच', दुसऱ्यावर 'आलेच'. मालकीणबाईंनी जेवणाच्या सुट्टीत हे सांगितलं तर मंडळी टेबलं बडवायला लागली.

काल रंगवायला घेतलं. बायकांचं दार आधी केलं. मग पुरुषांच्या दारावरही हाताने सवयीने 'आलेच' उमटवून टाकलं. मी पुसायला फडका शोधतोय, तर मावशी बादली घेऊन मागे उभ्या.

"अहो, पुसता कशाला? एक काना द्या, झालं काम."

मात्रा होतीच. शेजारी एक काना ओढला. 'आलोच' झालं. एक उभी रेघ, बस्स. मी ब्रश खाली ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसलो. मावशींना वाटलं चक्कर आली, त्या पाणी घेऊन आल्या.

बाळा, एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल, मी तुझ्याबद्दल एकही वाक्य असं लिहिलेलं नाही ज्यात मुलगा की मुलगी ते सांगावं लागेल. कडेकडेने चाललोय. आपली भाषा मोठी खडूस. साधं जेवणाचं विचारायचं तरी आधी ते ठरवावं लागतं.

"मी मुलगी नाही, बाबा. मुलगा आहे. पहिल्यापासूनच आहे," असं तू सांगितलंस, तो दिवस मला सगळा आठवतो. आई रडत होती. मी वर्तमानपत्राची घडी घालत होतो, पाच वेळा तरी घातली असेल. मग तू बॅग घेऊन दारात उभा राहिलास. लिहिलं बघ. राहिलास. म्हणालास, "जातो मी."

आणि मी काय म्हणालो? "जाते म्हण."

त्यातला 'तो' मला टोचला. 'जा' ऐकूच आला नाही. लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात निघताना 'जाते' म्हटलंस तरी मी टोकायचो, जाते नाही म्हणू, येते म्हण. आणि लेकरू खरोखर घर सोडून निघालं, तेव्हा 'येतो म्हण' एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. दुरुस्त करायची तर ती चूक करायला हवी होती. मला लाज वाटते.

तुझ्यासाठी ही गोष्ट एका कान्याएवढी नव्हती, हेही कळतं. शाळेतून आलं की दप्तर फेकून आधी संडासाकडे धाव, आणि पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच. आई ओरडायची. शाळेतल्या त्या दाराने आत जायला नको म्हणून तू दिवसभर तहानेला राहायचास, हे आम्हाला समजायला हवं होतं. कालपासून तेच डोक्यात आहे. तुझ्या कामाच्या जागी दारावर काय लिहिलंय? तुला नीट जाता येतं का? पाणी पितोस ना?

मालकीणबाईंच्या स्वच्छतागृहाचं किल्लीचं असं एक वेगळं दार होतं, ते त्यांनी आता सगळ्यांसाठी उघडं केलंय. मावशी म्हणतात, "त्याच्यावर 'आम्ही आलोच' लिहा. 'आम्ही' म्हटलं की बाईही त्यात आली आणि बुवाही आला, कोणी काही विचारत नाही." उद्या ते रंगवायला जायचंय.

हे पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला एकदम जमणार नाही हो, चुकेन मी. पण पाठवा." ती चुकेल. मीही चुकेन. तू राग काढ, पण समोर बसून काढ.

आता एक विचारायचं राहिलं. पाकिटावर तुझ्या नावाच्या जागी तुझ्या मैत्रिणीचं नाव घालून हे तुझ्या पत्त्यावर पाठवतोय, तिला तसं सांगून ठेवलंय. तू निघालास त्या दिवशी आई तुझं नवं नाव विचारायला गेली, तर मीच तिला गप्प केलं. तू जे काही नाव घेतलं असशील, त्यात कितीही जोडाक्षरं असू देत, मी नीट लिहीन. आजवर गावभर परक्यांची नावं रंगवली, आणि मला माझ्या मुलाचं नाव माहीत नाही. तेवढं कळव.

तुझा,
बाबा