दिवाणातली बॅग

६ एप्रिल
कंपनीत आज आपत्ती व्यवस्थापनाचं ट्रेनिंग झालं. ट्रेनर म्हणाला, पहिले दोन-तीन दिवस माणसाने स्वतःच्या जिवावर काढायचे असतात, मदत नंतर येते. प्रत्येक घरात आपत्कालीन बॅग हवी. रोख पैसे, औषधं, टॉर्च, कोरडा खाऊ. जेवणात श्रीखंड होतं.

मनावर घेतलं. आपलं घर बदलापूर पश्चिमेला, तळमजल्यावर. बिल्डरने जाहिरातीत नदीकाठचं निसर्गरम्य घर म्हटलं होतं, त्यात खोटं काही निघालं नाही. एकवीस साली नदी हॉलमध्ये आली तेव्हा मी अंबरनाथला एमआयडीसीत नाइट शिफ्टला होतो. आई आणि यशोधरा रात्रभर स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून राहिल्या. हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. मी काय नदीला विचारून नाइट लावून घेतली होती?

बॅगेचं सांगितल्यावर यशोधरा म्हणाली, घरातलं बाकी सगळं मी बघते, ही एक गोष्ट तुम्ही करा. ही झाली नाही आणि पुन्हा पाणी आलं, तर आईंना घेऊन सुदामकडे जाईन, मग परत यायला सांगू नका. सुदाम तिचा भाऊ. अंबरनाथला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बोलतोही तिथूनच.

मी म्हटलं, झालीच समज.

९ एप्रिल
उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जाऊन बॅग आणली. निळी, जाड, वरून गुंडाळून क्लिप लावायची. दुकानदार म्हणाला, साहब, नदी में फेंक दो, अंदर एक बूंद नहीं जाएगी. उल्हासनगरचा माल असल्यामुळे त्याच्या निम्म्या बोलण्यावर विश्वास ठेवला आणि निम्म्या भावात घेतली.

येताना पाय दुखले. पण समाधान वाटलं.

१२ एप्रिल
बॅग भरली. रोख रक्कम, त्यात मुद्दाम दहा-वीसच्या नोटा जास्त. आईच्या बीपीच्या गोळ्या. टॉर्च, सेल, मेणबत्त्या, बिस्किटं, राजगिरा चिक्की, कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि एक शिट्टी. यशोधराने सगळं बघितलं आणि बरं आहे म्हणाली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे ती तिसऱ्यांदा म्हणाली असेल.

ठेवायची कुठे यावर बराच विचार केला. माळ्यावर ठेवावी तर शिडी लागते, आणि माझा गुडघा असा. कपाटात साड्या. शेवटी हॉलमधल्या दिवाणात ठेवली. फळी उचलली की बॅग हातात. आई दिवाणावरच झोपते, त्यामुळे राखणही आपोआप होते. यशोधराने विचारलं, दिवाणातच का? मी म्हटलं, प्रोटोकॉल आहे. ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

१३ एप्रिल
उद्या जयंती. मी उत्सव कमिटीत आहे आणि मीटिंगमध्ये वर्गणीचा आकडा जरा मोठ्याने बोलून गेलो होतो. एटीएमसमोर रांग बुद्धविहारापर्यंत. बॅगेतल्या मोठ्या नोटा काढल्या. पगार झाला की परत ठेवणार. बाबासाहेबांची जयंती वर्षातून एकदा येते. पूर तर दरवर्षीही येत नाही.

२९ एप्रिल
शेअर रिक्षावाले माणूस आहेत की कोण! सुट्टे द्या, नाहीतर उतरा. जीपे चालणार नाही. काल एकाने मला भर चौकात सुनावलं की काका, सकाळी सकाळी पाचशेची नोट दाखवून दिवस खराब करू नका. आजपासून बॅगेतल्या दहा-वीसच्या नोटा घेऊन निघतो. रोजची रिक्षा हीसुद्धा आपत्तीच आहे, फक्त सरकार तिची नोंद घेत नाही.

पगार झाला. बॅगेचं राहिलं.

१२ मे
बुद्ध पौर्णिमा. विहारात जाऊन आलो. घरी वंदनेला बसलो तर मेणबत्त्या नाहीत. आणायचं काम माझं होतं असं म्हणतात. कोपऱ्यावरचं दुकान बंद. दिवाण उघडला.

आई म्हणाली, महेंद्र, ह्या पावसासाठी ठेवलेल्या ना रे? मी म्हटलं, तू पेटव, दुसऱ्या आणतो. वंदना छान झाली. हॉल उजळून निघाला. टॉर्च आहेच.

२५ मे
ऐन मॅचमध्ये रिमोट बंद पडला. टॉर्चचे सेल घातले.

टॉर्चमध्ये सेल ठेवून दिले तर ते गळतात, असंही कुठेतरी वाचलं होतं.

५ जून
वरच्या मजल्यावरचा हिंदुराव आला होता. आमच्या सोसायटीत एक पद्धत आहे. पावसाळ्याआधी तळमजल्यावरचं प्रत्येक घर आपली एक पेटी वरच्या कुणाकडे तरी नेऊन ठेवतं. त्यात कागदपत्रं, दागिने, एकेक जोडी कपडे. दिवाळीत पेटी परत आणायची आणि जाताना फराळ न्यायचा. हिंदुराव म्हणाला, महेंद्रभाऊ, पलंगाखाली जागा करून ठेवलीय, पेटी आणून टाका.

मी नम्रपणे नाही म्हटलं. गेल्या वर्षी टाकीच्या खर्चावरून तो मला सगळ्यांसमोर बोलला होता, तो विषय वेगळा. मुद्दा स्वयंपूर्णतेचा आहे. ज्याच्याकडे बॅग आहे त्याने दुसऱ्याच्या पलंगाखाली का शिरावं? हिंदुरावला बॅगेबद्दल सविस्तर सांगितलं. तो ऐकत राहिला. बायकोला, कुंदावहिनींनाही सांगतो म्हणाला.

यशोधरा आतून म्हणाली, नेऊन ठेवली असती तर काय बिघडलं असतं. या बाईला प्रोटोकॉल कळत नाही.

१८ जून
पाऊस आहे. घरी आलो की अंगात त्राण नसतं. चहाबरोबर काही नव्हतं म्हणून बॅगेतली बिस्किटं तपासली. मुदत होती, पण माल फिरता ठेवावा लागतो, हे माझ्यासारख्या कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करणाऱ्याला कुणी शिकवायला नको. चिक्की थोडी मऊ पडली होती. तीही फिरवली.

रविवारी सगळं नव्याने भरायचं.

२२ जून
रविवार. झोप आली.

२ जुलै
आईच्या गोळ्या संपल्या. मेडिकल स्टेशनजवळ, बाहेर चिखल. बॅगेत होत्याच. औषध हे पोटात जाण्यासाठी असतं, बॅगेत बसण्यासाठी नाही. उद्या येताना आणतो असं आईला म्हटलं. बाळा, दमून येतोस, सवडीने आण, असं तीच म्हणाली. आईसारखं कुणी समजून घेत नाही.

पुढची पट्टी यशोधराने आणली. त्यामुळे प्रश्न मिटला.

१५ जुलै
बॅगेचा आढावा घेतला. बॅग आहे. जागा ठरलेली आहे. घरातल्या सगळ्यांना ती जागा माहीत आहे. ट्रेनर म्हणाला होता की नव्वद टक्के घरं इथपर्यंतही पोहोचत नाहीत. आता फक्त सामान भरायचं राहिलंय, ते दहा मिनिटांचं काम.

झेरॉक्स बँकेत केवायसीला दिल्या होत्या, तेवढ्या पुन्हा काढायच्या.

२४ जुलै
दोन दिवस धो धो. सोसायटीच्या ग्रुपवर नदीच्या पातळीचे मेसेज. लोक उगाच घाबरवतात. तळमजल्यावरचे बाकी दोघे पेट्या केव्हाच वर ठेवून बसलेत.

यशोधराने विचारलं, बॅग नीट आहे ना? मी म्हटलं, एकदम. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग आईचं पांघरूण नीट केलं आणि आत गेली. मला अस्वस्थ वाटलं. शनिवारी नक्की भरणार.

२६ जुलै
शनिवार. सकाळी उठून पाय खाली ठेवला तर पाणी.

पुढचं सगळं फार पटपट झालं. हिंदुराव आणि वरचे दोघे धावत खाली आले. पूर आला की तळमजल्यावरचा माणूस पहिल्यांदा काय करतो? फ्रिज दिवाणावर. आम्हीही तेच केलं. चौघांनी उचलून फ्रिज दिवाणावर, त्याला लागून वॉशिंग मशीन, मिक्सर, तांदळाचा डबा, आईची ट्रंक, वर टीव्ही. सूचना मीच देत होतो. असे आवाज मी कंपनीच्या मॉक ड्रिलमध्येही दिले नव्हते. हिंदुराव म्हणाला, भाऊ, तुम्ही फक्त बाजूला व्हा.

आईला खुर्चीत बसवून जिन्यावर नेलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. अर्ध्या जिन्यात यशोधरा थांबली आणि म्हणाली, बॅग?

मी दिवाणाकडे बघितलं. दिवाणावर सगळं घर होतं.

दुपार
हिंदुरावकडे आहोत. लाइट नाही, नेट नाही, फोनचं पेमेंट जात नाही. दूधवाला कुठूनतरी पोहोचला, रोख मागत होता. हिंदुरावने दिले. कुंदावहिनींनी सगळ्यांना खिचडी केली. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की माझी बॅग खाली अडकलीय, ती हाताशी असती तर कुणालाच तोशीस पडली नसती. रोख, टॉर्च, मेणबत्त्या, खाऊ, सगळं आत आहे. बोलता बोलता मला स्वतःलाच वाईट वाटायला लागलं. एवढी तयारी आणि वर फ्रिज.

खरं लिहायचं तर फ्रिजचा थोडा आधारही वाटला.

आईला गरगरल्यासारखं झालं. गोळीची वेळ टळून गेली होती. यशोधराने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, एक आईला दिली, पर्स बंद केली. माझ्याकडे बघितलं नाही. डबल स्टॉक म्हणतात तो हाच. ट्रेनिंगचा परिणाम घरच्यांवरही होतो तर.

२८ जुलै
पाणी उतरलं. घरात घोट्याएवढा चिखल. माणसांनी वरचं सामान काढलं. दिवाणाचं प्लाय फुगून फळी बसली होती, ती पहारीने उचकटावी लागली. आत चिखल, चिखलात पांघरुणं आणि त्यात बॅग. दोन दिवस मी तिचं एवढं कौतुक केलं होतं की बघायला सगळे जमले होते. मी म्हटलं, राहू द्या, भिजलं असेल सगळं. हिंदुराव म्हणाला, असं कसं, एवढ्या कष्टाने जमवलंय तुम्ही. त्याने ती नळाखाली धुतली, पुसली, क्लिप काढली.

दुकानदार खरं बोलला होता. आत एक थेंब गेला नव्हता.

शिट्टी होती. बिनसेलची टॉर्च होती. चिक्कीचा कागद होता. सगळं कोरडं खडखडीत.

कुणी हसलं नाही. कुणीतरी हसायला हवं होतं. शेवटी हिंदुराव हळूच म्हणाला, बॅग मात्र एक नंबर आहे, भाऊ. कुंदावहिनी आईला घेऊन वर गेल्या. यशोधरा खराट्याने चिखल लोटत राहिली. मला फार लाज वाटली. मीही खराटा घेतला. ती म्हणाली, राहू द्या, दमाल.

१० ऑगस्ट
अंबरनाथ. सुदामचं घर, तिसरा मजला. सगळेच आलो आहोत. मला या म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. सुदाम काही बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. बदलापूरच्या घराला गिऱ्हाईक बघायचं चाललंय, तेही तोच बघतोय.

आज धीर करून यशोधराला विचारलं, पर्समध्ये गोळ्या कधीपासून ठेवतेस? भाजी निवडता निवडता म्हणाली, एप्रिलपासून. तुम्ही बॅग भरलीत ना, त्याच दिवसापासून.

मीही भेंडी निवडायला बसलो.

निळी बॅग तिने पुन्हा भरली आहे. मी बघितली नाही, आईने सांगितलं. कुठे ठेवली आहे ते आईला माहीत आहे, सुदामलाही माहीत आहे. मला सांगितलेलं नाही. विचारलं तेव्हा यशोधराने बॅगेतली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. काही लागलं तर वाजवा, म्हणाली.