घागरीचा नंबर आणि नैतिक सत्य

१ मे १९७४
सुट्टी लागली. ‘नैतिक सत्याचे स्वरूप’ हा ग्रंथ या उन्हाळ्यात संपवायचाच. सोलापुरात या विषयावर खोल विचार करणारा माणूस माझ्याशिवाय नाही. आमच्या कॉलेजात तर नाहीच. विजयमाला बाळंतपणाला माहेरी, जेऊरला. घरात शांतता. आता सबब नाही.

२ मे
सबब आहे. पाणी. आजवर ते घरात असायचंच. कुठून येतं हा प्रश्न मला पडला नव्हता. गल्लीच्या नळाला पहाटे थोडा वेळ येतं. आदल्या संध्याकाळी रांगेत भांडी ठेवून लोक घरी जातात. घागर म्हणजे माणूस. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. दोन बादल्या ठेवून आलो. ग्रंथ उद्या.

४ मे
प्रकरण पहिलं: नैतिक सत्य वस्तुनिष्ठ असतं. चूक ती चूकच, मग कोणाला काहीही वाटो. उदाहरण: कुत्र्यानं माझ्या बादल्या लवंडल्या, तर हिंदुरावांनी त्या उचलून रांगेच्या शेवटी ठेवल्या. (हिंदुराव: मिलमधले रिटायर्ड जॉबर, म्हणजे मुकादम. गल्लीचे पुढारी. निवडलं कोणी, विचारू नये.) हे सोलापुरात चूक, लंडनमध्ये चूक, पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हाही चूक. चहाला पाणी नव्हतं. अर्धं पान झालं.

५ मे, रविवार, पहाटे
आज पुढे नागम्माची भांडी. समोरच्या घरात विड्या वळते ती. नातीचं बारसं म्हणून हंडा, घागरी, पिंप, सगळा संसारच रांगेत. मग मी. माझ्यामागे गल्लीतल्याच गोजरबाईची एकच घागर. नागम्माचं भरून होईपर्यंत नळ आटणार हे उघड होतं. आसपास कोणी नव्हतं. तिची भांडी गोजरबाईच्या घागरीमागे सरकवली. सरकवली म्हणजे काय, रिकामीच होती.

दुपारी
प्रकरण पहिलं फाडलं. नैतिक सत्य सापेक्ष असतं. ‘घागर म्हणजे माणूस’ हा या गल्लीचा करार, निसर्गनियम नव्हे. आणि मी इथे भाड्यानं राहतो. वैचारिकदृष्ट्या गल्लीचा नव्हेच. बादल्या भरल्या. गोजरबाईलाही मिळालं. नागम्माचा हंडा अर्धा झाला आणि नळ फुसफुसला.

६ मे
गल्लीत बोंबाबोंब. पाहुण्यांना हात धुवायला पाणी नव्हतं, व्याही अर्ध्या पानावरून उठले. नागम्मा नळापाशी बसून रडली. संशय गोजरबाईवर, कारण नागम्माची भांडी तिच्याच घागरीमागे सापडली. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. गोजरबाई लेकराची शपथ घेऊन म्हणाली, म्या हात लावला न्हाय. मी सांगणारच होतो, पण बायका एकदम बोलत होत्या. अशा गोंगाटात मुद्देसूद मांडणी होत नाही.

७ मे
सापेक्षतावाद उथळ वाटतो. नवी भूमिका: ‘वाईट’ हा शब्द काहीच सांगत नाही, ती नुसती भावना. ‘चोरी वाईट’ म्हणजे ‘चोरी, शी!’ यात खरंखोटं नसतं. म्हणजे गल्ली गोजरबाईविषयी काही खोटं बोलत नाही, फक्त नाक मुरडते. फार हलकं वाटलं.

हिंदुरावांचा हुकूम: गोजरबाईची घागर रोज शेवटी. ती मिलमध्ये बदली कामगार आहे. भोंग्याआधी गेटवर नसली तर काम दुसरीला. आज गेटवरून परत आली.

९ मे
हिंदुराव घरी आले. म्हणाले, सर, तुमी शिकलेलं मानूस, तुमचा विषयच ह्यो. निवाडा तुमीच करा. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. संध्याकाळी नळापाशी बोललो. ‘आहे’मधून ‘पाहिजे’ निघत नाही, म्हणजे वस्तुस्थितीवरून कर्तव्य ठरत नाही, हा मुद्दा सविस्तर घेतला. हिंदुरावांनी सारांश सांगितला: सर म्हंत्यात, गोजरबाईनं कबूल कराय पाहिजे. दुरुस्त करणार तोच टाळ्या पडल्या. नागम्मानं चहा पाजला. साखर सढळ होती.

११ मे
भोंगा होऊन गेला तरी गोजरबाई उंबऱ्यावर बसलेली. तिची मुलगी शेजारी शिळी कडक भाकरी मोडून खात होती, आईकडे बघत. मला लाज वाटली. माझ्या थिअरीप्रमाणे लाज काहीच सिद्ध करत नाही. तरी वाटली, आणि जेवण गेलं नाही.
उद्या सांगायचंच.

१२ मे
रविवार. सांगायला दिवस योग्य नव्हता.

१३ मे
सांगितलं. सगळ्यांसमोर, प्रस्तावना न करता. भांडी मी सरकवली, चूक माझी.

मग हिंदुरावांनी डोळे पुसले. म्हणाले, बगा, ह्याला म्हंत्यात मोठं मन! बाईमानसाचा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेतला की. मी ओरडलो, अहो खरं सांगतोय. आधी हंडा उचलला, मग पिंप, हेही सांगितलं. जितकं सांगावं तितके लोक हात जोडू लागले. नागम्मा गोजरबाईवर धावून गेली: देवमानसाला खोटं बोलाय लावतीस, लाज न्हाय?

ठरलं असं: सरांचा नंबर कायम पहिला. गोजरबाईचा कायम शेवटचा.

निघताना गोजरबाई माझ्यापाशी थांबली. म्हणाली, व्हय, तुमीच केलं असंल. साऱ्या गल्लीत माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटी.

१४ मे
पहिला नंबर. दोन्ही बादल्या काठोकाठ. नंबर गोजरबाईला द्यायला हवा होता, हे बादल्या घरात ठेवल्यावर सुचलं. खिडकीतून पाहिलं, ती रांगेच्या टोकाला उभी होती. परत जाऊन सांगावं तर पुन्हा देवमाणूस म्हणतील. भोंगा झाला. पाणी गार होतं, आंघोळ करून घेतली.