नळीत मारलेली फुंकर

अब्बा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्ही शेजारी असायला हवे होतात असं एकदाच इतकं वाटलं. इथे ओमानमध्ये, मस्कतच्या गाला भागात, एका बंद गॅरेजच्या मागच्या अंगणात, शुक्रवारी सकाळी. मी त्या गॅरेजचं स्पेअरपार्टचं स्टोअर सांभाळतो. मालक ओमानी आहे, आम्ही सगळे त्याला अर्बाब म्हणतो. माणूस दिलदार, पण एकदा बोलला की मागे फिरत नाही, आणि आमचा व्हिसा त्याच्या नावावर. त्याला कुणी नाही म्हणत नाही.

चूक माझ्या तोंडाची. चहा पिताना तो टांझानियातल्या शिकारीच्या गोष्टी सांगत होता. त्याची आईकडची माणसं तिथली, तो दर वर्षी परवाना काढून भावांबरोबर तिकडे जायचा. मलाही राहवलं नाही. म्हटलं, माझे वडीलही शिकारी होते. झालं. त्या वर्षी तेलाचे भाव पडले होते, धंदा मंदावला होता, नवी रायफल मागवणं त्याला परवडत नव्हतं. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून जुनी अवजड रायफल घेऊन दिवसभर चालणंही होत नव्हतं. मामेभावाकडे दोन वापरलेल्या होत्या, एक हलकी, एक तिच्याहून जरा जड. "तुम्हारा बाप शिकारी था, तुम देख के बोलो," अर्बाब म्हणाला. "जो तुम बोलेगा, मैं वही लेगा. खलास."

तुमची बंदूक ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू भरायची होती आणि मी आयुष्यात एकदाही चाप ओढलेला नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. शुक्रवार येईपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. परक्या मुलखात नोकरीला आलेल्या माणसाने बंदुकीला हात लावायचा नसतो, एवढं मला कळत होतं. आणि माझ्या सांगण्यावरून घेतलेल्या रायफलीने त्याचा शिवलेला खांदा पुन्हा उखडला तर? मी ज्याच्या भरवशावर इथे राहतो, त्या माणसाचा खांदा. भीती वाटत होती, अब्बा, सरळच सांगतो. लहानपणी तुमच्याबरोबर रानात यायची वाटायची तीच.

तुमच्याकडे शेतीरक्षणाचा परवाना होता. भाताला डुक्कर लागलं की कुणबीवाडीतून माणसं बोलवायला येत. डुक्कर मारायचात तुम्ही, मटणाची वाटणी त्यांची. आपल्या घरी यायचा तो फक्त बंदुकीच्या जळलेल्या दारूचा वास, आणि अम्मी तुमचे कपडे पडवीतच ठेवायला लावायची. अजून डोळ्यांसमोर आहे, बंदूक भरण्याआधी तुम्ही ती रिकामी आहे ना, ते बघता. नळीला तोंड लावून फुंकर मारता, आणि मी खाली उकिडवा बसून बंदुकीच्या कानाशी, मागच्या बारीक भोकाशी, ओलं बोट धरतो. वारा आला की मी म्हणतो, "येतो." मग नळी मोकळी. एकदा मी म्हटलं, कालच तर तुम्ही रिकामी केली होतीत, आज कशाला? तुम्ही माझा कान पिळलात. "बंदूक रिकामी हाय, असा बापाने सांगितला तरी मानायचा नाय. आपन बघायचा." ते मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

अर्बाबने पिकअपच्या मागच्या सीटवरून घोंगडीत गुंडाळलेल्या दोन रायफली काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "देखो, दोनों खाली है," तो म्हणाला. हलकी हातात घेतली आणि मी चकित झालो. लाकूड नाहीच, काळं प्लास्टिक, बारीक नळी. डोंगर चढायला हिच्यासारखी दुसरी नाही. पण तुम्ही म्हणायचात ते आठवलं, हलकी बंदूक पायांना सुख देते आणि खांद्यावर सूड उगवते. ते सांगण्याआधी बघून घ्यावं म्हणून, तुम्ही शिकवलं होतं तसं, मी दस्ता जमिनीला टेकवला, नळीला ओठ लावले आणि फुंकर मारली.

वारा गेला नाही. माझे गाल फुगलेलेच राहिले. मनात म्हटलं, आत गंज असेल, आणि पुन्हा मारली. खटका बंद असला की रिकाम्या रायफलीतूनही वारा जात नाही, हे मला नंतर कळलं. वर पाहिलं तर अर्बाबचा चेहरा उतरला होता. तो ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "हिलना मत. मुँह हटाओ. हाथ उधर ही रखो." मी तोंड बाजूला केलं. त्याने दोन्ही हातांनी रायफल माझ्याकडून काढून घेतली, नळी भिंतीकडे केली, बाजूचा खटका मागे ओढला. पितळेचं काडतूस बाहेर पडलं आणि फरशीवर घरंगळत माझ्या चपलेपाशी येऊन थांबलं.

मामेभावाने कधी भरली आणि कधी विसरला, अल्ला जाणे. अर्बाब जुन्या टायरवर बसला. मग तो म्हणाला, "मैं ने बोला था खाली है. तुम क्या करता था?" मी म्हटलं, "देखता था, खाली है क्या." तो हसला नाही. मग विचारलं, "कौन सा?" मी जड रायफलीकडे बोट दाखवलं आणि हलकी खांद्याला मारेल असं कसंबसं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि जडच घेतली. शिकारीच्या पुढच्या फेरीहून तो परत आला तेव्हा खांदा ठीक होता. त्याने मला खजुराचा डबा दिला आणि म्हणाला, तुझा बाप बरोबर होता.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या टायरपाशी उभा असताना माझे ओठ आपोआप हलत होते, आणि मी काय पुटपुटतोय ते मला उशिरा कळलं. कलमा. मरताना पढतात तो. आणि एकदम मला तुम्ही दिसलात, पडवीत, नळीला तोंड लावण्याआधी. तुमचेही ओठ हलायचे. मला वाटायचं, शिकार मिळावी म्हणून दुवा मागताय. प्रत्येक वेळी, अब्बा? कालच रिकामी केलेली असली तरी? मी खाली ओलं बोट धरून तुमच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, या माणसाला कशाचीच भीती वाटत नाही, मग मी असा भित्रा कसा निघालो. तुम्ही एकदा जरी सांगितलं असतंत, तरी माझं लहानपण जरा सोपं गेलं असतं. माझा याबद्दल तुमच्यावर थोडा राग आहे. थोडाच.

इथल्या वादी कबीर भागातल्या आमच्या घरी मी हे कुणाला सांगितलेलं नाही. त्या दुपारी लेकीने विचारलं होतं, "अब्बा, तुझा हात शेक का होतोय?" मी म्हटलं, जड सामान उचललं. तिला तुमच्या गोष्टी आवडतात. अजूनही विचारते, "आजोबा ब्रेव्ह होते ना?" मी हो म्हणतो, आणि आता ते म्हणताना मला पूर्वीपेक्षा जास्त खरं वाटतं.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे. गावच्या कब्रस्तानात पोस्टमन जात नाही. तेवढं एक सांगून ठेवतो. त्या दिवसापासून मी गरम चहावर फुंकर मारत नाही. बायको समजते दात दुखतो. मी कप समोर ठेवून तो निवायची वाट बघत बसतो.